धोंड्याच्या महिन्यातला जुलाब

आमच्या मंगरूळपीरकडं माणसाचं पोट बिघडलं की तो डॉक्टरकडं जाण्याआधी चार जणांना विचारतो. एक ओवा सांगतो, दुसरा हिंग सांगतो, तिसरा उपास धरायला लावतो आणि चौथा म्हणतो, तुझ्या पोटाला काही झालेलं नाही, घरच्या भाजीत तेल जास्त असते. चौघांचं करून झालं की मग तो दवाखान्यात येतो. डॉक्टरला आधी ते चार उपचार निस्तरावे लागतात आणि मग दुखण्याला हात घालता येतो. गाडीच्या पोटाचीही हीच रीत आहे. बस स्टँडच्या पुढं लिंबाच्या झाडाखाली माझं गॅरेज आहे. तिथं मी उभं आयुष्य इंजिनं दुरुस्त करण्यात घालवलं असं लोक समजतात. खरं म्हणजे त्यातलं अर्धं आयुष्य लोकांचे उपचार निस्तरण्यात गेलं.

आता गुडघे म्हणतात बस कर, म्हणून शटर रोज उघडत नाही. तरी कोणी ना कोणी जुनी गाडी घेऊन दारात उभा असतोच. हातात एक बाटली असते. "मिस्त्री, हे टाकलं की इंजिन आतून चकाचक होते म्हंतात. टाकू का?" या एका प्रश्नाबद्दल मला लिहायचं आहे, कारण त्या बाटलीनं मला एकदा एका घराच्या मानापमानात अडकवलं होतं.

आधी थोडं इंजिनाबद्दल. आत तेल कशाला असतं, तर लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. पण ते आणखी एक काम करतं. आतली काजळी, धूळ, ओलावा, सगळं स्वतःत घेत फिरतं. म्हणून ठरावीक अंतर गाडी चालली की ते काढून नवं भरायचं. नाही काढलं तर ते घट्ट होत जातं आणि आतल्या भिंतींना चिकटतं. लोणी कढवल्यावर भांड्याच्या बुडाशी बेरी राहते तसं. फरक इतकाच की ही बेरी साखर घालून खाता येत नाही. आम्ही याला कीट म्हणतो.

तेल बदला म्हटलं की लोकांच्या अडचणी सुरू होतात. एक सर होते, त्यांना सुटी शनिवारीच मिळायची, आणि शनिवारी तेल घरात आणायचं नाही हा त्यांच्या आईचा नेम. मी म्हणायचो, सर, हे फोडणीचं तेल नाही आणि घरातही येत नाही, गाडीत जाते. ते म्हणायचे, "गाडी घरातच येते ना शेवटी?" त्यांची गाडी शेवटी अमावास्या टाळून, श्राद्धपक्ष टाळून, दसऱ्याच्या पूजेआधी कशीबशी नव्या तेलाला लागायची. आणि काढलेलं काळं तेल तर गॅरेजात उरतच नाही. बैलबंडीच्या आखाला, दाराच्या बिजागरीला, कुंपणाच्या खांबाला वाळवी लागू नये म्हणून लोक डबे घेऊन येतात. नवं तेल भरायला नाही म्हणणारा माणूस जुनं तेल न्यायला आधी हजर असतो.

आता बाटली. तिच्यात खोट नाही, हे मी आधीच सांगतो. थोडंफार कीट असेल तर ती जुन्या तेलात ओतायची, गाडी जागेवरच दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायची, रस्त्यावर काढायची नाही. मग गरम असतानाच सगळं तेल सोडून द्यायचं, फिल्टर बदलायचा, नवं तेल भरायचं. मी स्वतः कितीतरी गाड्यांना दिली आहे. पण वर्षानुवर्षांचं कीट असलं की ते विरघळत नाही, त्याचे पोपडे सुटतात. ते पोपडे खाली चेंबरमध्ये पडतात. चेंबर म्हणजे इंजिनाच्या बुडाशी असलेली तेलाची परात. तिथून पंप तेल वर ओढतो आणि पंपाच्या तोंडाशी चहाच्या गाळणीसारखी जाळी असते. ती पोपड्यांनी बुजली की परातीत तेल भरपूर आणि वर थेंब नाही, अशी गत होते. समोर लाल दिवा लागतो. त्याच क्षणी गाडी बंद केली तर ठीक, नाहीतर इंजिन जाम. म्हणून माझा नियम असा की आधी पोट उघडून पाहायचं, मग जुलाबाचं ठरवायचं.

हा नियम मी किन्हीराजाच्या वासुदेवरावांना कितीदा तरी ऐकवला होता. वासुदेवराव म्हणजे कापूस-सोयाबीन करणारे, पटका बांधणारे, बोलायला मोकळे शेतकरी. त्यांची पांढरी पेट्रोलची गाडी त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. रोज ओल्या फडक्यानं पुसायची, वर जुन्या लुगड्याची झूल घालायची. गाडीचं तोंड रोज धुतलं जायचं, पोट कधीच नाही. घरून शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आणि तिथून चहाच्या टपरीपर्यंत तिची धाव. इतक्यात इंजिन तापतही नाही, आतला ओलावा आतच राहतो. नागपूरच्या खेपा करणाऱ्या जीपचं पोट स्वच्छ निघतं आणि अशा लाडक्या गाडीचं काळंकुट्ट, हे लोकांना सांगून पटत नाही.

"वासुदेवराव, तेल बदला आता," मी म्हणायचो.

"कायले? कमी झालं का टाकतो ना मी वरून."

"वरून टाकता, पण खालचं काढत नाही."

"अबे मिस्त्री, इहिरीचं पाणी काढून फेकतो का आपण? पाऊस पडते, भरते."

"इहिरीचा गाळ तर काढता ना?"

यावर ते माझ्याच पैशाचा चहा मागवायचे आणि विषय संपायचा.

पण त्या गाडीचा एक मोठा दौरा महिन्यातून एकदा असायचा, आणि तोच खरा. वासुदेवरावांची बायको, आम्ही त्यांना शांताकाकू म्हणतो, त्यांची थोरली बहीण पोहरादेवीजवळच्या एका खेड्यात अंथरुणाला खिळलेली. काकूंचे गुडघे गेलेले, एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. या गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांबवून त्या बसायच्या, वाटेत माझ्याकडं पाणी प्यायला थांबायच्या आणि मग दिवसभर बहिणीच्या उशाशी. दोघी काय बोलत असतील ते त्यांनाच ठाऊक. परत येताना काकूंचा चेहरा वेगळाच असायचा, हे मी पाहिलेलं आहे.

पुण्यात राहणाऱ्या मुलाचं म्हणणं, ही म्हातारी गाडी विकून टाका, रस्त्यात कुठं बंद पडली तर काय कराल? लागेल तेव्हा भाड्याची बोलवा. वासुदेवराव मला म्हणाले, "भाड्याच्या गाडीवाल्याले दहा फोन करा, मग तो येते. संध्याकाळी लग्नाचं भाडं लागलं का घाई करते. हिले बहिणीजवळ दिवसभर बसा लागते. गाडी गेली म्हंजे हे जाणं गेलंच समज." मुलानं शेवटी निवाडा अमरावतीच्या जावयावर सोपवला. भाऊजी, तुम्ही धोंड्याला जाल तेव्हा गाडी पाहा, तुम्ही म्हणाल तसं करू.

धोंड्याचा महिना म्हणजे अधिक महिना. त्यात आमच्याकडं जावयाला देवाचा मान. पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणाचे धोंडे आणि अनारसे पुढं करायचे, आणि तो जे म्हणेल त्याला हो म्हणायचं. जावई तसे सगळ्याच महिन्यात जावई असतात, पण या महिन्यात त्यांना काही बोलायची सोयच नसते. प्रशांत, म्हणजे हा जावई, विमा कंपनीच्या कचेरीत आहे. माणूस गुणी. सासऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्यानं भेट आणली होती. तीच ती बाटली. मोबाइलवर त्यानं तिचे व्हिडिओ पाहिले होते.

पुढचं मला वासुदेवरावांनी नंतर गॅरेजच्या बाकावर बसून सांगितलं. जेवण झालं. जावई ढेकर देत अंगणात आला, बॉनेट उघडलं आणि बाटली ओतायला लागला. वासुदेवरावांना माझा नियम आठवला. बोलावं तर नुकतेच त्याचे पाय धुतलेले, न बोलावं तर इंजिन. ते टॉवेल घेऊन नुसते उभे राहिले.

"मामाजी, यावर दहा मिनिट लिहिलं आहे," जावई म्हणाला, "पण गाडी जुनी, घाण जुनी. रातभर मुरू देऊ."

लोणचं मुरतं, खारातली मिरची मुरते. इंजिनात औषध मुरवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. वासुदेवराव म्हणाले, "तुमी म्हनान तसं, जवाईबुवा." आणि रात्री उशाला हात घेऊन छताकडं पाहत पडले.

सकाळी काकूंच्या चष्म्याची काडी बसवून आणायची होती. जावई म्हणाला, चला, शेलूबाजारला जाऊन येऊ, औषध इंजिनात फिरेलही. तो चालवायला, वासुदेवराव शेजारी, काकू मागं. जाताना बरं होतं. येताना समोरचा लाल दिवा आधी लुकलुकला आणि मग लागूनच राहिला. इंजिनात टकटक सुरू झाली.

"पाह्यलं का मामाजी? औषध काम करून राह्यलं, म्हणून दिवा लागला," जावई म्हणाला.

वासुदेवराव मला म्हणाले, "मिस्त्री, खरं सांगतो, माह्या तोंडातून शब्दच निघे ना. अन् तेवढ्यात मागून ही ओरडली."

काकू म्हणाल्या होत्या, "थांबवा बाप्पा, मले मळमळून राह्यलं! आता थांबवा!"

जावयानं घाईघाईनं बाभळीखाली गाडी लावली. इंजिन चालूच. काकू म्हणाल्या, "बंद करा ते पहिले, धुराच्या वासानं आणखी होते." त्यानं बंद केलं. काकू उतरल्या, धुऱ्यावर बसल्या, आणि जरा वेळानं जाहीर केलं की आता मी या गाडीत बसत नाही, पायी येईन. गुडघ्यांचं हे असं आणि म्हणे पायी येईन! वासुदेवरावांनाही तेवढ्या वेळात सुचलं. बॉनेट उघडून त्यांनी आत डोकं घातलं आणि जावयाला सांगितलं, "सुरू होत नाही वाटते, काहीतरी सुटलं." सुटलं काही नव्हतं. कॉइलची वायर त्यांनी उपसून सदऱ्याच्या खिशात टाकली होती. काकूंना ओळखीच्या माणसाच्या मोटरसायकलवर हळूहळू घरी पाठवलं, ट्रॅक्टर मागवला आणि टोचन करून, म्हणजे दोरीनं ओढत, गाडी माझ्या दारात आणली. जावई स्टेअरिंगवर आणि सासरा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. दोघंही गंभीर.

मी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, काढलं. आत लोखंड दिसेना. खालून चेंबर उतरवलं तर परातीत पोपड्यांचा चिवडा आणि जाळीचं एक भोक मोकळं नाही. जावई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता.

"मिस्त्री, औषधानं काम केलं ना?"

त्याच्या मागं वासुदेवराव डोळ्यांनी मला विनवत होते. ओठांवर बोट होतं. खोटं बोलायची मला सवय नाही असं नाही, गॅरेजवाला आहे, संध्याकाळी गाडी देतो असं रोज सांगतो. पण इंजिनासमोर खोटं बोलवत नाही.

"जावईबापू," मी म्हणालो, "काम म्हणजे काय, आयुष्यभराची घाण एका रात्रीत खाली आणून ठेवली."

जावई खूश झाला. वासुदेवरावांनी पटका काढून घाम पुसला.

खरी धाकधूक पुढं होती. तेलाशिवाय इंजिन किती फिरलं, यावर सगळं होतं. क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, बेरिंगं खाल्ली गेली असतील तर त्या वयाच्या गाडीवर कोणी खर्च करणार नाही, ती सरळ भंगारात जाते. अशी कितीतरी इंजिनं माझ्या दारातून भंगारात गेली आहेत. चांगली होती बिचारी. कोणी दिव्यावर फडकं टाकून पुढं नेली, कोणी 'घर जवळच आहे' म्हणून नेली. त्याचं वाईट वाटतं ते वाटतंच. मी बेरिंगच्या वाट्या उघडल्या आणि नखानं चाचपून पाहिल्या. ओरखडे होते, पण नख अडकेना. अजून दोन-चार किलोमीटर गेली असती तर अडकलं असतं.

"वाचली," मी वासुदेवरावांना हळूच सांगितलं. "वेळेवर बंद झाली म्हणून वाचली."

"हिले मळमळ झाली म्हणून," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी धुराच्या नावावर खपवले. गॅरेजात तेव्हा धूर नव्हता.

सफाई हातानंच करावी लागली. ब्रश, डिझेल, चिंध्या, तेलाच्या वाटांमधून हवा मारायची, मग पातळ तेल घालून जागेवर चालवायची, काढायचं, परत घालायचं. दुसऱ्या दिवशी जावई एकटाच आला. मला वाटलं आता हा दुसरी बाटली काढतो. तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, आता मामाजी नाहीत. खरं सांगा, मीच बिघडवली ना?"

मी जाळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उन्हाकडं धरली. ऊन पलीकडून येत नव्हतं. त्यानं बाह्या वर केल्या आणि म्हणाला, ब्रश द्या. कचेरीत बसणारा माणूस, तळहाताला फोड येईपर्यंत जाळी आणि चेंबर घासत बसला. मध्येच म्हणाला, "पोहरादेवीच्या मावशी आजारी आहेत. मामी याच गाडीनं जातात. अन् मी तर निकालच लावला होता गाडीचा."

"लागला नाही ना पण," मी म्हटलं. "मळमळ आडवी आली."

"मामाजींले सांगू नका हो, मले समजलं म्हणून. जावयाले वाईट वाटलं म्हणून त्यायले वाईट वाटन."

आणि तिथंच, तेलकट हातानं, त्यानं पुण्याला मेव्हण्याला फोन लावला. "विकायची नाही. मी स्वतः पाहिली आतून. कोणाला विचारायची गरज नाही." इतक्या ठामपणे बोलला की विम्याचा हप्ता भरा म्हणतानाही बोलत नसेल. त्याची पाठ वळते न वळते तोच वासुदेवराव उगवले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "जवायाले काई बोलला तर नाही ना तू? पोरगं मनाले लावून घेईल." दोघांची गुपितं पोटात ठेवून मी आठवडाभर ती गाडी दुरुस्त केली. माझं पोट तेव्हा उघडून पाहिलं असतं तर बरंच कीट निघालं असतं.

स्वच्छ झाल्यावर गाडीनं आणखी एक खोड दाखवली. इतकी वर्षं किटानंच बुजवून ठेवलेली रबरी सीलची एक चीर मोकळी झाली आणि तेलाचा थेंब गळायला लागला. घाणीचाही आधार असतो, हे या धंद्यात फार वेळा पाहिलं. सील बदललं, गळती थांबली.

धोंड्याचा महिना संपला. पुढच्याच आठवड्यात सकाळी गाडी माझ्या दारात उभी. पोहरादेवीकडं निघाले होते. जावई रजा काढून आला होता आणि तोच चालवत होता. वासुदेवराव शेजारी, काकू मागं पाय लांबवून, मांडीवर बहिणीसाठी भाकरीचं गाठोडं. नवी काडी बसवलेला चष्मा नाकावर. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

जावयानं मागं वळून काळजीनं विचारलं, "मामी, पुढं बसता का? मागं तुमाले मळमळ होते."

काकू आधी पाणी प्यायल्या, मग त्यांनी तांब्या मला परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

"कधीच नाही झाली मले मळमळ, जवाईबुवा. लग्न होऊन बंडीत बसून आली, तवाही नाही झाली."

"मंग त्या दिवशी?"

"धोंड्याच्या महिन्यात जवायाले थांब म्हणा लागत नाही ना. मंग काय करू? डोळ्यानं बाकी दिसो न दिसो, लाल दिसते मले." मग त्या म्हणाल्या, "माही बहीण वाट पाहत असते."

जावई कानापर्यंत लाल झाला होता. वासुदेवराव बायकोकडं असे पाहत होते की जणू त्यांनी तिला आजच पाहिलं. आता कोणाचं गुपित कोणापासून ठेवायचं होतं, ते मलाही उमजेना.

"काढा गाडी," काकू म्हणाल्या.

जावयानं किल्ली फिरवली. समोरचा लाल दिवा लागला. चालू होताना तो लागतोच, पण काकू पुढं वाकल्या, दोन्ही हातांनी पुढची सीट धरली आणि दिवा विझेपर्यंत तशाच राहिल्या. तो विझला, तेव्हा त्या मागं टेकून बसल्या.